गाण्याआधी फोटो पोहोचतो: नागपुरातल्या नव्या कलाकारांसाठी

आकाशवाणीत कलाकाराला मिळणारी श्रेणी आवाज ऐकून ठरते. तुम्ही दिसता कसे, याचा तिथे संबंध नसतो. बाकी जवळजवळ सगळीकडे क्रम उलटा आहे. गणेश मंडळाचा कार्यकर्ता असो, कोजागिरीच्या मैफलीची जुळवाजुळव करणारं सोसायटीतलं जोडपं असो, की पुरवणीत चार ओळींची बातमी लावणारा उपसंपादक असो, या सगळ्यांच्या मोबाइलवर आधी तुमचा फोटो उघडतो आणि गाणं नंतर, वेळ मिळाला तर. त्यामुळे फोटोनं जे सांगितलं असेल, तेच डोक्यात ठेवून लोक तुम्हाला ऐकायला बसतात.

मी कार्यक्रमांची पोस्टर आणि निमंत्रणपत्रिका तयार करतो. शास्त्रीय मैफली, गझल, भीमगीतांचे कार्यक्रम, कॉलेजचे बँड, कराओके क्लबांचे वर्धापनदिन, सगळ्यांचे फोटो माझ्याकडे येतात. बहुतेक नवे कलाकार तीनच प्रकारचे फोटो पाठवतात. पहिला सत्काराचा, ज्यात शाल, नारळ आणि पाहुण्यांचे चेहरे ठळक असतात आणि कलाकार कोपऱ्यात. दुसरा पासपोर्टचा. तिसरा एखाद्या लग्नातला, ज्यात बाजूच्या माणसाला कापून टाकलेलं असतं, पण त्याची चार बोटं कलाकाराच्या खांद्यावर राहून जातात. पाच-सात वर्षं घासून रियाज केलेल्या मुलीचं नाव मला त्या चार बोटांशेजारी लावावं लागतं आणि खरंच जीव तुटतो. म्हणून हा लेख. स्वतःचा पहिला नीट फोटो काढून घ्यायचा असेल तर काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, ते सगळं इथे सांगतो.

आधी हे समजून घ्या: फोटो प्रतिमा घडवतो म्हणजे काय

बीटल्स या इंग्लिश बँडचं उदाहरण घ्या, कारण तिथे हा प्रकार अगदी उघडा दिसतो. 1960 मध्ये ही मुलं जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये क्लबांत वाजवत होती. आस्ट्रिड किर्शहेर या तरुण छायाचित्रकार मुलीनं त्यांना तिथल्या जत्रेच्या मैदानावर नेलं आणि लोखंडी सांगाडे, ट्रक यांच्यामध्ये गिटार घेऊन उभं केलं. ते फोटो पाहिले की गल्लीतली राकट पोरं दिसतात. पुढे ब्रायन एप्स्टाइन व्यवस्थापक झाले आणि अंगावर सूट आले. मग ऑगस्ट 1963 मध्ये बोर्नमथच्या एका हॉटेलात रॉबर्ट फ्रीमननं त्यांना काळ्या, बंद गळ्याच्या स्वेटरमध्ये बसवून खिडकीतून येणाऱ्या उजेडात टिपलं. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, ओठांवर हसू नाही. फ्रीमननं त्याआधी जॉन कोल्ट्रेनसारख्या जॅझ वादकांचे फोटो काढले होते आणि तोच गंभीरपणा त्यानं या चौघांच्या चेहऱ्यावर आणला. त्या तीन वर्षांत गाण्यात फरक पडलाच होता, पण ही पोरं नाचगाण्याच्या पलीकडचं काही करू पाहताहेत, हे लोकांना सर्वांत आधी त्या फोटोनं सांगितलं. लागलं काय, तर एक खिडकी आणि चार काळे स्वेटर.

आपल्याकडे बघा. बालगंधर्वांच्या स्त्रीवेशातल्या छायाचित्रांनी त्या काळच्या मराठी घरांतलं साडी नेसणं, दागिने, गजरा यांवर ठसा उमटवला. कर्नाटक संगीताच्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या साडीचा निळा रंग तर त्यांच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. झाकीर हुसेन यांचे तबल्यावर झुकलेल्या अवस्थेत उडणारे कुरळे केस चहाच्या जाहिरातीमुळे अशा घरांत पोहोचले जिथे कोणी तीनताल मोजला नव्हता. 15 डिसेंबर 2024 ला त्यांचं निधन झालं, तेव्हा नागपुरातल्या किती जणांनी स्टेटसला तेच उडते केस ठेवले होते! पण एक गोष्ट नीट पाहा. ते केस कोणी पंखा लावून उडवत नव्हतं. तबला वाजवताना ते खरंच तसे उडायचे. कॅमेऱ्यानं जे आधीपासून होतं तेच उचललं आणि पुन्हा पुन्हा दाखवलं.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच बाब. फोटोतली प्रतिमा तुमच्या गाण्या-वाजवण्यातूनच निघायला हवी. नाहीतर ती पहिल्या कार्यक्रमापर्यंत टिकते आणि तिथेच फसते. फोटोत गंभीर, ध्यानस्थ दिसणारा गायक मंचावर आल्या आल्या टाळ्या मागायला लागला की श्रोता गोंधळतो. याच्या उलटही होतं. माझ्या ओळखीची एक मुलगी उत्तम ठुमरी गाते, पण तिचा सगळीकडे फिरणारा फोटो लग्नाच्या संगीत कार्यक्रमातला, चमचमत्या लेहंग्यातला. वर्षभर तिला फोन आले ते संगीत आणि हळदीचेच. फोन करणाऱ्यांची चूक नव्हती. फोटो जे म्हणत होता तेच त्यांनी ऐकलं.

पहिली पायरी: एक वाक्य लिहून काढा

कॅमेऱ्याचा विचार करण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: मला कोणी, कशासाठी बोलवावं? "सकाळच्या बैठकीत ख्याल गाण्यासाठी." "14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांसाठी." "कॉलेजच्या गॅदरिंगला स्वतःची मराठी गाणी वाजवायला." "झाडीपट्टीच्या दंडारीत, खडी गंमतीत ढोलकीसाठी" (ही पूर्व विदर्भातली लोकनाट्यं). वाक्य जितकं नेमकं, तितकं पुढचं सगळं सोपं. कपडे, जागा, उजेड, चेहऱ्यावरचा भाव यांचा निर्णय या वाक्याला विचारून घ्यायचा.

दोन प्रकारची कामं करत असाल, म्हणजे आठवडाभर शास्त्रीय आणि शनिवार-रविवारी वाद्यवृंदात, तर दोन वाक्यं लिहा आणि दोन वेगळे फोटो काढा. एकाच फोटोत दोन्ही कोंबू नका. तानपुरा आणि गॉगल एकत्र आले की बघणाऱ्याला एकही नीट कळत नाही.

मग आपल्या प्रकारात नावाजलेल्या पंधरा-वीस कलाकारांचे फोटो समोर ठेवा. पुण्याचे सतीश पाकणीकर, दिल्लीचे रघु राय यांनी शास्त्रीय कलाकारांचे जे फोटो काढलेत ते जरूर पाहा. नक्कल करायची नाही. उजेड कुठून आलाय, हात फोटोत आहेत की कापलेत, मागे काय आहे, एवढंच बघायचं. त्यातले तीन-चार फोटो बाजूला काढून ठेवा, छायाचित्रकाराला दाखवायला कामी येतील.

दुसरी पायरी: छायाचित्रकार निवडा

नागपुरात फोटो काढणारे भरपूर आहेत आणि त्यातले बहुतेक लग्नाचं काम करतात. त्यात वाईट काही नाही. गर्दीत, कमी उजेडात, घाईत चेहरा टिपायची सवय त्यांच्याइतकी कोणाला नसते. अडचण वेगळीच आहे. लग्नाच्या फोटोत प्रत्येक माणूस सुंदर दिसायला हवा असतो, आणि तुम्हाला मात्र तुमच्यासारखं दिसायचं असतं. म्हणून त्यांचं लग्नाचं काम न बघता मंचावरच्या कार्यक्रमांचं काम मागा. एखाद्यानं सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात कार्यक्रम टिपले असतील, तर मंचावरच्या रंगीत दिव्यांत त्वचेचा रंग सांभाळायला तो शिकलेला असतो.

तारीख लग्नसराईबाहेरची धरा. तुळशीच्या लग्नानंतर चांगला छायाचित्रकार मोकळा सापडत नाही, आणि सापडला तरी थकलेला असतो.

पैसे ठरवतानाच चार गोष्टी विचारून घ्या: किती वेळ देणार, निवडून सुधारलेले किती फोटो मिळणार, मूळ मोठ्या आकारात मिळणार का, आणि किती दिवसांत. हे बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी राहू द्या. भाऊ ओळखीचा असला तरी.

मुलींना एक वेगळं सांगतो. काही छायाचित्रकार गायिका म्हटलं की दागिन्यांच्या जाहिरातीसारखं बसवतात: मान तिरकी, हात गळ्यातल्या हाराकडे, नजर खाली. तुम्हाला ते नको असेल तर पहिल्याच पोझला स्पष्ट सांगा. सोबत मैत्रीण, बहीण किंवा साथीदार असू द्या. सांभाळायला माणूस लागतोच, पण तुमची मान कधी अवघडली आणि कधी तुम्ही गाताना दिसता तशा दिसलात, हे बघायलाही कोणीतरी लागतं.

तिसरी पायरी: जागा आणि उजेड

फुटाळा तलाव, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन. नागपुरातले निम्मे प्री-वेडिंग फोटो याच ठिकाणी निघतात, आणि म्हणूनच तिथे काढलेला गायकाचा फोटो बघणाऱ्याला आधी लग्नाचा वाटतो. महालातल्या जुन्या वाड्याचा ओटा, इतवारीतली एखादी लाकडी चौकटीची खिडकी, तुमच्या गुरुजींची रियाजाची खोली, किंवा तुमच्याच घरातली पांढरी भिंत यांतून जास्त चांगलं काम होतं. जागा तुमच्या संगीताच्या ओळखीची असावी. रॅपर मुलगा बर्डीच्या (सीताबर्डी बाजारपेठेच्या) गर्दीत उभा राहिला तर ते त्याचं अंगणच आहे. ध्रुपद गाणाऱ्याला तिथे उभं केलं तर तो रस्ता चुकल्यासारखा दिसतो.

मेट्रो स्थानक, रेल्वे स्टेशन, सभागृह, संग्रहालय अशा ठिकाणी परवानगी आधी काढा. कॅमेऱ्याचा स्टँड उभा राहिला की रखवालदार येणारच, आणि हुज्जत घालून आलेला राग मग चेहऱ्यावर राहतो.

उजेडाबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण आपल्या गावचं ऊन इतर गावांसारखं नाही. मार्च ते जून या काळात सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत नागपुरात बाहेर चेहरा टिपूच नये. ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात, कपाळ चमकतं आणि माणूस डोळे बारीक करतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर नावच काढू नका. बाहेर काढायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम: साडेपाच ते सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधीचा एक तास उजेड मऊ आणि तिरपा असतो. मे महिन्यात तोच उजेड सायंकाळी सहानंतर मिळतो, पण तोवर भिंती तापलेल्या असतात.

पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ फार चांगलं असतं. सगळीकडे सारखा पसरलेला उजेड, कुठेही कडक सावली नाही. आणि सगळ्यांत भरवशाची ती घरातली खिडकी. उत्तरेकडची मिळाली तर, उन्हाळ्याचे दिवस सोडता, थेट ऊन जवळजवळ येत नाही. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, तिच्याकडे थोडं तिरपं बसायचं, खोलीतले दिवे बंद करायचे. ट्यूबलाइट चालू राहिली तर चेहऱ्याची एक बाजू हिरवट-निळी होते. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तर तिकडे एक पांढरी चादर धरायला लावा, सावली लगेच निवळते. बोर्नमथच्या हॉटेलात चेहऱ्यावर पडला तो असाच खिडकीचा उजेड होता, फक्त त्यांनी सावली मुद्दाम गडद ठेवली.

चौथी पायरी: कपडे

आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवा. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, छोट्या स्क्रीनवर त्या लहरत असल्यासारख्या दिसतात. भिंतीच्या रंगाचा कुर्ता घातला तर पोस्टरसाठी मागची भिंत कापून काढताना खांदेही त्यात जातात, ते काम करणारा मीच असतो. नवा कोरा कपडा नको. कार्यक्रमात वापरता तोच घाला, अंगाला सरावलेला.

बँड किंवा वाद्यवृंद असेल तर सगळ्यांनी एकच रंग घालायची गरज नाही. दोन-तीन रंग ठरवून त्यांतच राहा. नाहीतर एकाच्या लाल शर्टाकडे सगळ्या नजरा जातात आणि तो नेमका ड्रमर असतो.

पाचवी पायरी: वाद्य

इथे मी रेंगाळणार आहे. कलाकाराच्या फोटोत सर्वांत जास्त चुका वाद्यातच होतात आणि त्या चुका फक्त जाणकारांच्या लक्षात येतात. तुम्हाला काम देणारे तेच असतात.

पहिली बाब: फोटो कधीही उलटा करू नका. डावं-उजवं बदलून फोटो आरशासारखा करायची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, आणि पोस्टरवर नाव बसवायला जागा हवी म्हणून डिझाइन करणारे तो बिनधास्त वापरतात. चेहऱ्याच्या फोटोत ते खपून जातं. पण तबलजी उलटा केला की डग्गा उजव्या हाताखाली येतो. सतारिया उलटा केला की मिजराब (तार छेडायची नखी) डाव्या हातात जातो. पेटीवाला उजव्या हातानं भाता ओढताना दिसतो. ज्यानं आयुष्यभर तबला ऐकला आहे, त्याच्या नजरेला ते एका क्षणात टोचतं आणि तुमच्या नावावर अडाण्याचा शिक्का बसतो. काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेली सेल्फीही अशीच उलटी साठवली जाते, तेव्हा ती पाठवण्याआधी हात तपासा. जे खरोखर डावखुरे वाजवतात त्यांनी फोटोसोबत तसं लिहूनच पाठवावं, नाहीतर कोणीतरी ते "दुरुस्त" करून टाकेल.

दुसरी बाब: हात खरे हवेत. छायाचित्रकार म्हणतो, "नुसता हात ठेवा." मग बोटं पेटीवर अशा जागी पडतात जिथे कोणताच स्वर बनत नाही, आणि तानपुऱ्याच्या तारांवर मूठ असते. नुसता हात ठेवूच नका. वाजवा. तबल्याचा एखादा कायदा घ्या, विलंबित गत घ्या, आवडीचं गाणं घ्या, आणि छायाचित्रकाराला त्या वेळात हवं तितकं काढू द्या. तबल्यासाठी त्याला सांगा की शटर सेकंदाच्या 250व्या भागाइतकं किंवा त्याहून जलद ठेव, म्हणजे चाटेवर (तबल्याच्या कडेवर) पडणारं बोट स्पष्ट येईल. आणि दोन-चार फोटो 30व्या भागावरही काढून बघ. त्यात चेहरा स्थिर राहतो, हात मात्र धूसर होतात, आणि द्रुत लयीचा वेग कागदावर उतरतो. दोन्ही ठेवा, उपयोग वेगवेगळा.

तिसरी: वाद्य अर्धवट कापू नका. तानपुऱ्याच्या खुंट्या, सतारीचा भोपळा, गिटारचं डोकं फ्रेमबाहेर गेलं की वाद्य लंगडं दिसतं. तानपुरा उभा असल्यानं आडव्या फोटोत तो बहुधा कापला जातो. त्यासाठी थोडं मागे सरकून काढायला सांगा.

चौथी, आणि ही आपल्या उन्हासाठीच: वाद्य उन्हात ठेवू नका. गाडीच्या डिकीत तर नाहीच. कोरड्या उन्हानं तबल्याची पुडी (वरचं चामडं) ताणली जाते, स्वर चढतो, कधी पुडी फाटते. लाकडाचे जोड उघडतात. फोटोसाठी म्हणून दहा मिनिटं गच्चीवर ठेवलेली सतार पुढे महिनाभर जवारीवाल्याकडे, म्हणजे वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे, पडून राहू शकते. पॉलिशवर खिडकीचा पांढरा चट्टा चमकत असेल तर वाद्य थोडं फिरवून तो घालवा, नंतर संगणकावर तो काढणं अवघड जातं. आणि फोटोआधी फडकं मारा. शाईभोवतीची पावडर, पेटीवरचे बोटांचे ठसे मोठ्या फ्लेक्सवर जसेच्या तसे येतात.

गायकांना वाटतं आपल्याला हा त्रास नाही. त्यांचा त्रास तोंडाचा आहे. तान घेताना जबडा, मान, डोळे सगळं ताणलेलं असतं. कानाला ते सुरेख वाटतं, स्थिर फोटोत वेदनेसारखं दिसतं. चांगला क्षण बहुधा स्वर संपता संपता येतो: न्यास झाला, म्हणजे स्वर विसावला, ओठ मिटताहेत, नजर अजून तिथेच आहे. छायाचित्रकाराला हे सांगून ठेवा आणि तुम्ही गात राहा, तो वाट बघेल. माइक असेल तर त्यानं समोरून न काढता एका बाजूनं, तिरपं काढावं, नाहीतर तोंड आणि हनुवटी माइकमागे जातात. चष्मा असेल तर काड्या कानावर किंचित वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

सहावी पायरी: त्या दिवशी काय काय काढायचं

आधी साधा चेहरा, खांद्यापर्यंत, नजर कॅमेऱ्याकडे. वर्तमानपत्राच्या एका कॉलमात हाच बसतो. मग वाद्यासह कमरेपासून वर. मग एक आडवा, ज्यात तुम्ही एका बाजूला आणि दुसरी बाजू मोकळी. ही मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नाही. तारीख, स्थळ, प्रवेशिका मिळण्याचं ठिकाण हे सगळं तिथे बसतं. डोक्यावरही थोडी जागा ठेवा. डोक्याला घासून कापलेला फोटो आला की कार्यक्रमाचं नाव मला कपाळावरच छापावं लागतं.

मोबाइलनं काढत असाल तर जवळ जाऊ नका. साध्या रुंद लेन्सनं हातभर अंतरावरून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पट झूमवर सहा-सात फुटांवरून काढा.

पहिला अर्धा तास बहुतेक वाया जातो, तो गृहीतच धरा. चेहरा सैल पडायला वेळ लागतो. गप्पा मारा, गुणगुणा, साथीदाराला पेटी धरायला सांगा.

सातवी पायरी: निवड आणि सुधारणा

निवड एकट्यानं करू नका. आपण स्वतःच्या चेहऱ्यातले दोष शोधत बसतो. दोन माणसांना दाखवा: एक तुम्हाला रोज ऐकणारा, दुसरा तुम्हाला अजिबात न ओळखणारा. दुसऱ्याला एवढंच विचारा: "हा माणूस काय गात असेल?" त्याचं उत्तर पहिल्या पायरीतल्या वाक्याच्या जवळपास आलं तर तो फोटो तुमचा.

आणि रंग उजळू देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो. विदर्भातल्या उन्हात वाढलेली आपली त्वचा सावळी, गव्हाळ, काळी आहे, आणि सुधारणा म्हणजे आधी ती पांढरी करणं असं कित्येक छायाचित्रकारांच्या आणि मोबाइल ॲपच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. कार्यक्रमाला आलेला माणूस पोस्टरवरचा चेहरा मंचावर शोधत राहतो. त्याहून वाईट म्हणजे, तुमचा खरा चेहरा दाखवण्याजोगा नाही हे तुम्ही स्वतःच जाहीर करता. पुटकुळी काढा, चालेल, ती आठवड्यात जाणारच असते. तीळ, सुरकुती, व्रण, रंग तसाच राहू द्या. तुमच्या चेहऱ्याला डोळे मोठे आणि हनुवटी निमुळती करून देणारी ॲप तर वापरूच नका.

आठवी पायरी: फाइल जपा आणि नीट पाठवा

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन पोहोचतो, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. मोबाइलवर तो सुरेख दिसतो. पण तुमचा सहा फुटी फ्लेक्स करायचा म्हटलं, तर उंचीच्या प्रत्येक इंचाला जेमतेम 22 पिक्सेल उरतात आणि चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. ए4 आकाराची पत्रिका 300 डीपीआयनं (दर इंचाला 300 ठिपके) छापायची तर 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात. म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आकारात जातो. किंवा गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्याची लिंक द्या.

त्या फोल्डरमध्ये चार-पाचच फोटो ठेवा, चाळीस नकोत. आयोजक चाळीसांतून नेमका तुम्हाला न आवडणारा उचलतो. फाइलच्या नावात तुमचं नाव, वाद्य, वर्ष आणि छायाचित्रकाराचं नाव लिहा. मूळ नावानं, आकड्यांच्या रांगेनं आलेली फाइल माझ्या संगणकावर दुसऱ्याच कोणाच्या फोल्डरमध्ये गेली तर परत सापडत नाही. सोबत एका परिच्छेदाची माहिती जोडा, देवनागरीत, नावाचं शुद्धलेखन तपासून. फोटो उत्तम आणि नाव चुकीचं, असं पोस्टर चौकात लागलं की पंधरा दिवस ते तसंच राहतं.

गाणं ऑनलाइन टाकणार असाल तर मुखपृष्ठासाठी चौकोनी 3000 गुणिले 3000 आणि यूट्यूबच्या छोट्या चित्रासाठी 1280 गुणिले 720 असे दोन तुकडे छायाचित्रकाराकडूनच कापून घ्या.

नववी पायरी: हक्क आणि नाव

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की, तुम्ही पैसे देऊन, स्वतः सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार केला नाही, तर त्याचे पहिले मालक तुम्ही. पण मित्रानं प्रेमानं, फुकट काढला असेल, किंवा कार्यक्रमात कोणी आपणहून टिपला असेल, तर मालकी काढणाऱ्याची. तो अल्बमवर, जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याला विचारा, आणि होकार लेखी घ्या. एका ओळीचा मेसेज पुरतो.

मालकी कोणाचीही असो, छायाचित्रकाराचं नाव प्रत्येक ठिकाणी द्या. गायक-वादकांना हे पटायला वेळ लागू नये. निवेदकानं साथीदाराचं नाव घ्यायचं राहिलं तर आपल्याला किती लागतं!

आणि मग: तोच फोटो पुन्हा पुन्हा

फोटो मिळाला की नवे कलाकार दर आठवड्याला दुसरा लावतात. थोडा धीर धरा. बर्डीवरच्या पोस्टरवर, पत्रिकेत, यूट्यूबवर, व्हॉट्सॲपच्या डीपीवर वर्ष-दीड वर्ष एकच मुख्य फोटो दिसू द्या. पहिल्यांदा लोक बघतात, तिसऱ्यांदा ओळखतात, आणि मग कधीतरी धंतोलीतल्या एखाद्या घरच्या बैठकीत कोणी विचारतं, "तुम्ही त्या निळ्या भिंतीसमोरच्या ना?" तोवर बदलू नका. कार्यक्रमातले ताजे फोटो रोजच्या पोस्टसाठी खुशाल वापरा, मुख्य मात्र एकच.

बदलायचा केव्हा? दाढी वाढवली किंवा काढली, केस कापले, वजन बरंच बदललं, गाण्याचा प्रकार बदलला, किंवा दोन-तीन वर्षं उलटली, तेव्हा. जुना फोटो ज्या ज्या आयोजकांकडे गेला आहे त्यांची यादी फोल्डरमध्येच ठेवा आणि नवा आला की प्रत्येकाला कळवा. फ्लेक्सवाल्याच्या संगणकातला मात्र तुम्हाला स्वतः जाऊन काढायला लावावा लागेल. तो जुनाच उचलतो, कारण तो त्याला सर्वांत आधी सापडतो.